तिकीट नाटकाचं काढा, दुकान फुकट बघा

(लंडनला सुट्टीसाठी निघालेल्या वाचकांनी नाटक, जेवणखाण आणि तिथल्या मोठ्या दुकानांबद्दल पाठवलेल्या प्रश्नांना आमच्या लंडनच्या स्तंभलेखिकेची उत्तरं.)

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. मे महिन्यात मुलाकडे येतोय, त्यातले पाच दिवस लंडनसाठी ठेवलेत. नाशिकला कालिदासला लागलेलं चांगलं नाटक आम्ही सहसा सोडत नाही. पण इंग्रजी नाटक कळेल का? उच्चार कानात शिरत नाहीत. मुलगा म्हणतो, पैसे वाया जातील, त्यापेक्षा लंडन आयमध्ये बसा.
— एक दांपत्य, नाशिक

मुलाचं ऐकू नका. लंडन आयचा पाळणा अर्ध्या तासात एक फेरी पुरी करतो, आणि वरून जे दिसतं त्याचे फोटो मुलाच्या फोनमध्ये आधीच असणार. नाटक फोनमध्ये नसतं.

कळण्याचं म्हणाल तर तुम्ही जन्मभर नाटकं पाहिलेली माणसं आहात. नट विंगेतून आत आला, त्याने हातातली पिशवी कुठे ठेवली आणि बायकोकडे बघितलं की नाही, एवढ्यावरून घरात काय शिजतंय ते तुम्ही ओळखता. चार वाक्यं निसटली म्हणून काही अडत नाही. शिवाय रंगमंचावरचं इंग्रजी रस्त्यावरच्या इंग्रजीपेक्षा पुष्कळ स्वच्छ असतं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं असतं ना. मी गिरगावातून इथे आले तेव्हा बसकंडक्टर काय म्हणतोय ते कितीतरी महिने कळत नव्हतं, नाटक मात्र पहिल्यापासून कळत होतं.

तुमच्यासाठी माझी पहिली शिफारस ‘द माऊसट्रॅप’. २५ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झालेलं हे नाटक कोविडमुळे थिएटरं बंद होती तो काळ सोडला तर आजतागायत चालू आहे, आणि १९७४ पासून सेंट मार्टिन्स या एकाच थिएटरात. इथले नाट्यवेडे त्याला नाक मुरडतात, म्हणतात ते पर्यटकांचं नाटक. असू दे. आपणही पर्यटकच. एक जुना दिवाणखाना, बाहेर बर्फ, आत अडकलेली माणसं, एक खून, आणि जुन्या वळणाचं सावकाश इंग्रजी. रहस्यनाट्यावर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला यात परकं असं काही नाही. शेवटी नट पुढे येऊन विनंती करतात की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आमच्याकडे आलेल्या एका आत्याबाईंनी परतताना ट्यूबमध्येच, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, ते मोठ्यांदा सांगून टाकलं होतं, सुदैवाने मराठीत.

दुसरा मार्ग म्हणजे ‘कॅप्शन्ड’ प्रयोग. बऱ्याच नाटकांचे अधूनमधून असे प्रयोग होतात. रंगमंचाच्या कडेला पट्टी असते आणि तिच्यावर संवाद जसेच्या तसे उमटत जातात. सोय आहे कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, पण उच्चारांशी झगडणाऱ्या आपल्यासारख्यांनाही ती वरदान. थिएटरच्या संकेतस्थळावर ‘ॲक्सेस’ विभागात तारखा असतात. तिकीट काढताना पट्टी दिसेल अशी जागा मागा. म्युझिकल बघायचं ठरवलंत तर कथानक आदल्या रात्री वाचून जा, कारण गाण्यातले शब्द इंग्रजांनाही सगळे कळत नाहीत. रहस्यनाट्याचं मात्र चुकूनही वाचू नका.

प्रश्न : तिकिटं शंभर-दीडशे पौंडांची आहेत असं भाचीने सांगितलं. चौघांचं कुटुंब. गडकरीला पहिल्या पाच रांगांतच बसायची सवय, पण तिथे ते परवडणं शक्य नाही. स्वस्तात काही जमतं का?
— ठाणे

भाची खोटं बोलत नाही, पण ती शनिवार रात्रीचे, नावाजलेल्या म्युझिकलचे आणि मधल्या खुर्च्यांचे दर सांगते आहे. त्याच थिएटरात, त्याच प्रयोगाला, वरच्या मजल्यावर तीस-चाळीस पौंडांत माणसं बसलेली असतात.

इथला प्लॅन आधी समजून घ्या. स्टॉल्स म्हणजे खालचा मजला. ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल ही पहिली बाल्कनी. त्यावर अपर सर्कल किंवा ग्रँड सर्कल. काही जुन्या थिएटरांत त्याच्याही वर एक बाल्कनी असते, अगदी छताला टेकलेली, तीव्र उताराची. ‘पहिल्या पाच रांगा’ ही सवय ठाण्यातच ठेवून या. इथल्या जुन्या थिएटरांत सगळ्यात छान दिसतं ते ड्रेस सर्कलच्या पुढच्या रांगांतून. स्टॉल्सच्या मागच्या रांगांवर सर्कलचा सज्जा येतो, त्यामुळे नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो. ड्रेस सर्कलच्याही वरच्या मजल्यांवर मात्र पहिल्या रांगेपेक्षा मधल्या रांगा बऱ्या, पहिल्या रांगेत कठडा नेमका डोळ्यांसमोर येतो. तिकिटावर ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ लिहिलेलं असेल तर समोर खांब आहे असं समजा. खांब किती जाड आहे ते लिहिलेलं नसतं.

आता स्वस्ताई कुठे मिळते ते. लेस्टर स्क्वेअरच्या बागेच्या कडेला घड्याळ असलेली एक छोटी इमारत आहे, टीकेटीएस नावाची. ती लंडनच्या थिएटरांच्या संघटनेची स्वतःची तिकीट खिडकी आहे, १९८० पासूनची. त्या दिवसाच्या आणि पुढच्या एक-दोन दिवसांच्या प्रयोगांची उरलेली तिकिटं तिथे सवलतीत मिळतात. आजूबाजूच्या गल्ल्यांत ‘हाफ प्राइस’ अशा पाट्या लावलेली खासगी दुकानं दिसतील, त्यांना रामराम करून पुढे जा. नाटक कोणतं ते पक्कं असेल तर थेट त्या थिएटरच्या खिडकीवर सकाळी जाऊन ‘डे सीट’, म्हणजे त्याच दिवशी विकायला ठेवलेलं स्वस्त तिकीट, आहे का विचारा. आणि वार निवडा. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी अडीचचा प्रयोग असतो, त्याला शनिवारपेक्षा गर्दीही कमी आणि बहुतेकदा दरही कमी. दुपारच्या त्या प्रेक्षकांत माझ्या वयाच्या बायकाच जास्त, त्यामुळे मध्यंतरात गप्पा फार चांगल्या होतात.

मुलं मोठी असतील आणि उन्हाळ्यात येत असाल तर ग्लोब. थेम्सच्या दक्षिण काठावर, शेक्सपिअरच्या काळातल्या थिएटरसारखं बांधलेलं हे लाकडी गोल थिएटर १९९७ ला सुरू झालं. मूळचं १६१३ मध्ये, प्रयोग चालू असताना उडवलेल्या तोफेच्या ठिणगीने जळालं होतं. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवताचं छप्पर घालायला परवानगी मिळालेली ही पहिली इमारत. मधलं अंगण उघडं, तिथे सातशेएक माणसं उभी राहून नाटक बघतात, आणि उभ्याचं तिकीट पाच-दहा पौंडांपासून मिळतं. खाली बसायचं नाही, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. रेनकोट न्या. नट प्रेक्षकांमधून वाट काढत जातात, कधी तुमच्याच खांद्याला धक्का लागतो. पुढच्या पाच रांगा म्हणाल तर याहून पुढे काय असणार!

नॅशनल थिएटरही विसरू नका. १९७६ मध्ये उघडलेली काँक्रीटची राखाडी इमारत, आताचे राजे चार्ल्स युवराज असताना तिला अणुवीज केंद्राची उपमा देऊन मोकळे झाले होते. मला ती आवडते. आत तीन नाट्यगृहं आहेत, आणि तिकीट नसलं तरी आतल्या प्रशस्त जागेत कुणीही जाऊन बसावं, वाचावं, पाय मोकळे करावेत. लंडनमध्ये फुकट बसायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

प्रश्न : सासूबाई चौऱ्याहत्तरच्या आहेत, गुडघे दुखतात, पण नाटकाचा उत्साह आमच्यापेक्षा दांडगा. त्यांना नेता येईल का?
— कोल्हापूर

नक्की न्या, पण वेस्ट एंडची, म्हणजे लंडनच्या मधल्या नाटकवाल्या भागातली, बरीच थिएटरं व्हिक्टोरियाच्या किंवा तिच्या मुलाच्या काळातली आहेत हे लक्षात ठेवा. लिफ्ट कित्येक ठिकाणी नाही. त्यातही एक गंमत आहे. जमीन महाग म्हणून यातली पुष्कळ थिएटरं खाली खणत बांधली, त्यामुळे रस्त्याच्या पातळीला कधी ड्रेस सर्कल येतं आणि स्टॉल्ससाठी जिने उतरावे लागतात. पिकॅडिली सर्कसचं क्रायटेरियन (१८७४) तर सबंध जमिनीखाली आहे, वरच्या सर्कललाही उतरूनच जायचं. म्हणून ‘खालच्या मजल्याचं तिकीट काढलं म्हणजे पायऱ्या नाहीत’ असं धरून चालू नका. ऑनलाइन तिकीट काढण्याआधी थिएटरच्या ॲक्सेसच्या क्रमांकावर फोन करा आणि सरळ विचारा की रस्त्यापासून खुर्चीपर्यंत पायऱ्या किती. ते न कंटाळता सांगतात. अपंग प्रेक्षकाला आणि सोबतच्या माणसाला अनेक ठिकाणी सवलतीचा दर असतो, तोही याच फोनवर कळेल. नॅशनलमध्ये लिफ्ट आहेत आणि खुर्च्याही ऐसपैस.

दुसरी अडचण कुणी पत्रात लिहीत नाही, म्हणून मीच लिहिते. जुन्या थिएटरांत बायकांची स्वच्छतागृहं फार थोडी. मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं आणि रांग जिन्यापर्यंत. मोठ्या दुकानांत मात्र वरच्या मजल्यांवर स्वच्छ, फुकट सोय असते. थिएटरला जाण्याआधी तिथे जाऊन या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही चालत नाही. नाटक रात्री साडेसातला म्हणजे जेवायचं कधी? दुपारी चारला का रात्री अकराला? आणि कुठे?
— जळगाव

साडेपाचला. पहिल्या दिवशी विचित्र वाटेल, पण थिएटरांच्या भागातलं सगळं वेळापत्रक त्यावरच बेतलेलं आहे. पाच ते साडेसहाच्या दरम्यान पुष्कळ रेस्तराँ ‘प्री-थिएटर मेनू’ देतात. दोन किंवा तीन पदार्थ, ठरलेला दर, आणि तो रात्रीच्या दरापेक्षा बराच कमी. बसतानाच सांगायचं की आमचं साडेसातचं नाटक आहे. वेटरना याची इतकी सवय असते की तुमच्याआधी तेच घड्याळाकडे बघतात. नाटक सुटतं दहा-सव्वादहाला आणि त्या सुमाराला पुष्कळ स्वयंपाकघरं बंद व्हायला लागलेली असतात. उशिरापर्यंत उघडं सापडतं ते शेजारच्या चायनाटाउनमध्ये, पण तिथे तुमचं पथ्य सांभाळणं कठीण.

अंड्याचं नीट ऐका. इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की त्यात अंडं येतं. आपल्यासारखी हिरवी-तपकिरी खूण पाकिटावर नसते. पण इथल्या कायद्याने चौदा प्रकारचे ॲलर्जीकारक पदार्थ जाहीर करावेच लागतात आणि त्यात अंडं आहे. पाकिटबंद सँडविच असो की केक, घटकांच्या यादीत ‘एग’ हा शब्द ठळक अक्षरात छापलेला असतो. यादी वाचायला दहा सेकंदं लागतात. रेस्तराँमध्ये ‘एग ॲलर्जी’ची यादी मागा, वेटरच्या अंदाजावर विसंबू नका. ‘व्हीगन’ लिहिलेलं असेल तर अंडं नाही हे नक्की, पण दूध-तूपही नाही, चहात ओटचं पांढरं पाणी येईल. स्कोन हा चहाबरोबर मिळणारा, केकसारखा, निरुपद्रवी दिसणारा पदार्थ विचारल्याशिवाय खाऊ नका, बऱ्याच ठिकाणी त्यात अंडं असतं.

आपलं जेवण हवंच असेल तर युस्टन स्टेशनजवळची ड्रमंड स्ट्रीट. भारतीय शाकाहारी खाण्यासाठी ती गल्ली फार वर्षांपासून ओळखली जाते, मी नवी नवरी असताना भेळ खायला तिथेच जायची. हौन्स्लोला २०१० मध्ये मुंबईच्या दोन मित्रांनी सुरू केलेल्या श्रीकृष्ण वडापावच्या आता बऱ्याच शाखा झाल्यात. पाच दिवसांच्या सहलीत रोज तिथे जाऊ नका, एवढंच सांगेन. आणि मुंबईकरांनो, इराणी हॉटेलाच्या धर्तीवरच्या रेस्तराँसाठी लंडनमध्ये तासभर रांगेत उभं राहणाऱ्यांना मी काही बोलत नाही. पण मेरवानजीच्या रांगेत तुम्ही कधी उभे होतात?

पाणी मागताना ‘टॅप वॉटर’ म्हणा, नाहीतर बाटलीचे पैसे लागतात. बिलात बहुतेकदा साडेबारा टक्के किंवा त्याहून थोडा जास्त सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असतो, त्यावर पुन्हा टीप ठेवायची नाही. हॉटेलातला थाटाचा ‘आफ्टरनून टी’ माणशी साठ-सत्तर पौंडांच्या पुढे जातो आणि त्यातले निम्मे केक तुम्हाला चालायचे नाहीत, तेव्हा तो सोडाच. त्या पैशांत दुपारच्या प्रयोगाचं बऱ्यापैकी तिकीट येतं.

प्रश्न : मी आणि तीन मैत्रिणी सप्टेंबरमध्ये येतोय. हॅरॉड्सला जायचंच आहे, पण घेणं काही परवडणार नाही. काही न घेता फिरलं तर तिथले लोक अपमान करतात का? आणि व्हॅटचे पैसे विमानतळावर परत कसे मिळवायचे? काकू, खरं खरं सांगा.
— पुणे

व्हॅटचं आधी, कारण त्यात खिशाचा प्रश्न आहे. मिळत नाहीत. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये पर्यटकांना व्हॅट परत देण्याची योजना बंद झाली. जुने व्हिडिओ अजून फिरत असतात, त्यांच्या भरवशावर वीस टक्के परत मिळतील असा हिशेब करून काही घेऊ नकोस. दुकानाने माल थेट परदेशी पाठवला तर व्हॅट वगळता येतो, पण मग पाठवणावळ आणि आपल्याकडची कस्टम ड्युटी उरतेच. मुलांच्या कपड्यांवर आणि पुस्तकांवर मात्र मुळातच व्हॅट नाही. भाचरांसाठी काही घ्यायचं असेल तर तिथे घे.

आता अपमानाचं. मी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानात स्कार्फच्या काउंटरवर निवृत्त होईपर्यंत नोकरी केली, तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते. काही न घेणारं गिऱ्हाईक आम्हाला कधीच नकोसं नव्हतं. मॅनेजरला भीती असायची ती रिकाम्या मजल्याची. चार पोरी हसत, वास घेत, कपडे अंगाला लावून बघत फिरताहेत म्हटलं की आणखी चार जणी आत येतात. नकोसं वाटायचं ते दहा स्कार्फ उलगडून तसेच टाकून जाणारं गिऱ्हाईक. रेशमी स्कार्फची घडी नीट घालणं म्हणजे काय ते एकदा करून बघ. कुणी पुढे येऊन विचारलंच तर ‘जस्ट लुकिंग, थँक यू’ म्हणायचं आणि हसायचं. एवढ्या चार शब्दांवर माझ्या काउंटरपुढे लोकांनी निम्मी दुपार काढलेली आहे.

आणि नुसतं बघायला येणं ही काही चोरून करायची गोष्ट नाही, ही दुकानं उभी राहिली तीच त्यावर. १९०९ च्या मार्चमध्ये हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज या अमेरिकन माणसाने ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला स्वतःचं दुकान उघडलं. तोवर लंडनच्या दुकानांत माल काउंटरच्या मागे असायचा आणि काय हवंय ते आधी सांगावं लागायचं. त्याने माल उघड्यावर मांडला, हात लावू दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्लेरिओ हा फ्रेंच वैमानिक विमानाने इंग्लिश खाडी ओलांडून आला, तर सेल्फ्रिजने ते विमान आणून दुकानात ठेवलं आणि हजारो लोक बघायला आले. १९२५ मध्ये जॉन लोगी बेअर्डने आपलं टेलिव्हिजन लोकांना दाखवलं तेही तिथेच. यातलं काही विकायला नव्हतं.

हॅरॉड्समध्ये जा, पण कपड्यांच्या मजल्यांवर वेळ घालवू नकोस, ते ब्रँड आता तुमच्या पुण्यात-मुंबईत आलेत. तिथे बघायची ती तळमजल्यावरची फूड हॉल्स. भिंतींवर, छतावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रांच्या टाइल्स आहेत, त्या मान वर करून बघ. बाकीचे लोक चॉकलेटकडे बघत असतात. सरकता जिनाही बघ, तो तेव्हाचा नाही, पण या दुकानाने १८९८ मध्ये देशातला बहुधा पहिला सरकता जिना बसवला आणि वर पोचलेल्या गिऱ्हाइकांचा जीव ठिकाणावर यावा म्हणून ब्रँडी द्यायची सोय ठेवली होती. तिथून हिरवी छापील पिशवी घ्यायची असेल तर घे, ती सगळेच घेतात.

माझं स्वतःचं विचारशील तर लिबर्टी. रीजंट स्ट्रीटच्या मागच्या अंगाला काळ्या लाकडी पट्ट्या आणि पांढऱ्या भिंतींची इमारत. दिसते चारशे वर्षांपूर्वीची, आहे १९२४ ची. युद्धनौका मोडून मिळालेल्या लाकडातून ती बांधली. एका नौकेचं नाव इम्प्रेग्नेबल आणि दुसरीचं हिंदुस्तान. आत मधोमध उजेडाचे चौक, भोवती लाकडी सज्जे, दुकानात असतात तशा खोल्या नव्हेत, घरात असतात तशा. आर्थर लिबर्टीने १८७५ मध्ये पहिलं दुकान काढलं ते पूर्वेकडचं रेशीम आणि कलावस्तू विकायला, आणि त्याला नावच ‘ईस्ट इंडिया हाउस’ दिलं. हाच गृहस्थ १८८५ च्या हिवाळ्यात भारतातून कारागीर आणून लंडनमधल्या बॅटरसीला ‘हिंदी खेडं’ मांडून बसला होता. थंडीत त्या माणसांचे हाल झाले आणि प्रदर्शनही आपटलं. ही गोष्ट दुकानातल्या पाट्यांवर शोधू नकोस. स्कार्फ मात्र बघ, आणि बघून झाल्यावर घडी घालून ठेव.

तास भरायच्या सुमाराला पिकॅडिलीवर असशील तर फोर्टनम अँड मेसनच्या दारासमोर थांब. दुकान १७०७ चं, दारावरचं घड्याळ १९६४ चं. तासाचे ठोके पडताना मिस्टर फोर्टनम आणि मिस्टर मेसन यांचे पुतळे बाहेर येऊन एकमेकांना लवून नमस्कार करतात. आत चहाचे डबे आहेत, आजीसाठी एखादा घेतलास तर पैसे फुकट जाणार नाहीत.

खरोखर काही विकत घ्यायचं असेल तर मार्क्स अँड स्पेन्सर किंवा जॉन लुईस. दुसरं दुकान नोकरांच्याच मालकीचं आहे, त्यामुळे तिथला माणूस लोकरीबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. पावती जपून ठेव. माल खराब निघाला तर कायदा तुझ्या बाजूने, पण नुसतं आवडलं नाही म्हणून दुकानातली वस्तू परत घेणं हे त्या-त्या दुकानाच्या मर्जीवर असतं.

मुंबईची माणसं मला सांगतात की असली दुकानं आपल्याकडे आता मॉलमुळे आली. अगं, लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्येच मुंबईत शाखा काढली होती. काळा घोड्याला त्या नावाची इमारत अजून उभी आहे, पुढे तिथे वेस्टसाइड आलं. फोर्टात जाताना आई मला हाताला धरून तिच्यासमोरून न्यायची. इथे मात्र अशी दुकानं एकेक मिटताहेत. १७७८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या डेबनहॅम्सची सगळी दुकानं २०२१ मध्ये बंद झाली. आमच्या जुन्या काउंटरवाल्या बायका भेटलो की हाच विषय. चौघी याल तेव्हा एक दुपार तरी काढा या दुकानांसाठी.

प्रश्न : आमचा लंडनचा मुक्काम शनिवार-रविवार असा आहे. वर्षअखेरीस यायचाही विचार आहे. काही अडचण?
— सांगली

रविवारची आहे. १९९४ च्या कायद्याप्रमाणे मोठी दुकानं रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान फक्त सहा तास उघडी ठेवता येतात, बहुतेक बारा ते सहा. काही दुकानं अर्धा तास आधी दारं उघडून नुसतं बघू देतात, पैसे घेत नाहीत. रविवारी पुष्कळ नाटकांनाही सुट्टी असते. तेव्हा शनिवारी दुपारी नाटक, रविवारी दुकान.

२५ डिसेंबरला लंडनमध्ये येऊन काहीच करता येत नाही. दुकानं बंद, थिएटरं बंद, ट्यूब आणि बसही बंद. ईस्टरच्या रविवारीही मोठी दुकानं उघडत नाहीत. वर्षअखेरच हवी असेल तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या. नाताळासाठी सजवलेल्या दुकानांच्या काचा तेव्हा पूर्ण भरात असतात, आणि त्या बाहेरून बघायच्या असल्याने वेळेचं बंधन नाही.

प्रश्न : नाटकाला सूट-साडी असं काही लागतं का?
— विलेपार्ले

नाही. जीन्समध्येही कुणी वळून बघत नाही. साडी नेसलीत तर मध्यंतरात दोन बायका येऊन कापडाला हात लावून जातील, माझ्याबाबतीत हे नेहमीचं. कोट जवळ ठेवा, खुर्च्या अरुंद असतात, तो मांडीवर घ्यावा लागेल. आणि दीनानाथला मध्यंतरात गरम वडा मिळतो तसा इथे मिळत नाही. छोट्या कपातलं आइस्क्रीम मिळतं, चमचा झाकणातच असतो.

प्रश्न : आमच्याकडे लंडनसाठी एकच दिवस आहे. नाटक, दुकान, जेवण, तिन्ही जमेल का?
— पणजी

जमेल, पण दुकान सकाळी. खरेदीच्या पिशव्या घेऊन थिएटरात जाणं हा स्वतःवर केलेला अन्याय आहे. पायाशी जागा नसते, मोठी बॅग तर दारातच अडवतात.

दहाच्या सुमाराला लिबर्टीत शिरा, अकरा-साडेअकराला बाहेर पडा. बाराच्या ठोक्याला फोर्टनमच्या घड्याळाखाली असाल अशा बेताने रीजंट स्ट्रीटवरून चालत खाली या. साडेबाराला जेवण, थिएटरांच्या जवळच कुठेतरी. बुधवार, गुरुवार किंवा शनिवार असेल तर अडीचचा प्रयोग. दोन वीसला खुर्चीत असा. इथे तिसऱ्या घंटेनंतर आलेल्याला अंधारात खुर्ची शोधू देत नाहीत, योग्य जागा येईपर्यंत बाहेर थांबवतात, आणि ती जागा वीस मिनिटांनी येऊ शकते. पाचला बाहेर पडलात की पुलावरून थेम्स ओलांडून दक्षिण काठाला जा, नॅशनलच्या आत बसा, पाय पसरा.

प्रत्येकाने स्वतःचं कार्ड वापरून बस-ट्यूबमध्ये चढा, एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. नाटक कोव्हेंट गार्डनच्या भागात असेल तर सुटल्यावर त्या नावाच्या स्टेशनात मुळीच शिरू नका. तिथे वर-खाली करायला फक्त लिफ्ट आहेत, किंवा १९३ पायऱ्यांचा गोल जिना, आणि सगळी थिएटरं एकाच वेळी सुटलेली असतात. लेस्टर स्क्वेअर स्टेशन चालत पाच मिनिटांवर आहे. या दोन स्टेशनांमधलं अंतर पाव किलोमीटरच्या थोडंसंच वर, सबंध ट्यूबमधलं सगळ्यात कमी. तेवढ्यासाठी भाडं भरणारे पर्यटक रोज दिसतात.